तीन सामने, एक सामना, सात मिनिटं

गेल्या अंकात गोलकीपरांविषयी लिहिताना मी जिमी ग्लासचं नाव ओघात घेतलं होतं. इंग्लंडच्या कार्लाईल युनायटेड क्लबाकडून तो फक्त 3 सामने खेळला आणि तरी तिथं त्याला कुणी विसरत नाही, एवढंच लिहून पुढं गेलो. त्या एका ओळीवर जितकी पत्रं आली, तितकी बाकीच्या अख्ख्या लेखावर आली नाहीत. म्हणून या वेळी कबड्डी, खो-खो आणि क्रिकेटचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ठेवतो. सगळी जागा मोजकेच सामने खेळलेल्या माणसांना.

नव्या वाचकांसाठी दोन शब्द. मी पूर्णा जंक्शनच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, फुटबॉल तिथंच पायाला लागला. पुढं मानवतला 31 वर्षं खेळाचा शिक्षक होतो. शाळेच्या संघाचा प्रत्येक सामना आणि त्यात उतरलेलं प्रत्येक पोरगं मी लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहून ठेवलं. अशा चार वह्या भरल्या. ही सवय मला हैदराबादच्या आबिड्समुळं लागली. तिथं रविवारी फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात, त्यात इंग्लंडच्या फुटबॉलची जाडजूड वार्षिकं मिळाली. एकच सामना खेळलेल्या माणसाचंही नाव त्यांत छापलेलं असतं, ते बघून मी वही घातली.

प्रश्न : सर, 3 सामने खेळून क्लब वाचवला म्हणजे नेमकं काय केलं? माझा मुलगा म्हणतो, गोलकीपरनंच गोल मारला. हे खरं का?
(एक पालक, जिंतूर)

खरं आहे, आणि मुलानं सांगितलं त्याहून गोष्ट मोठी आहे.

इंग्लंडच्या लीगच्या चार पायऱ्या, मिळून 92 क्लब. 1998-99 च्या हंगामात नियम असा होता की सगळ्यात खालच्या पायरीवर जो शेवटचा राहील, तो एकटा लीगबाहेर. कार्लाईल हे उत्तरेकडचं, स्कॉटलंडच्या सीमेजवळचं गाव. त्यांचा क्लब 1928 पासून लीगमध्ये होता. लीगबाहेर जाणं म्हणजे उत्पन्न, प्रेक्षक, चांगले खेळाडू, सगळ्याला उतरती कळा. आणि हंगामाच्या शेवटी-शेवटी त्यांच्याकडं गोलकीपरच उरला नव्हता. आपला हुकमी गोलकीपर त्यांनी विकून टाकला होता. दुसऱ्या क्लबाकडून आणलेला उसना गोलकीपर त्या क्लबानं परत बोलावून घेतला. खेळाडू घ्यायची मुदतही टळलेली. शेवटी खास परवानगी काढून स्विंडन टाऊनचा जिमी ग्लास हातउसना आणला. ऐन पेरणीत बैल बसला की शेजाऱ्याचा मागून आणावा, तसा.

8 मे 1999. हंगामाचा शेवटचा दिवस, कार्लाईलचं ब्रंटन पार्क मैदान, समोर प्लिमथ अर्गाईल. कार्लाईलला जिंकणं भाग होतं, बरोबरी पुरणार नव्हती. पाहुण्यांनी आधी गोल केला, कार्लाईलनं तो फेडला, 1-1. नव्वद मिनिटं संपली. तिकडं, शेवटच्या जागेतून सुटण्यासाठी कार्लाईलशी ज्याची झुंज होती त्या स्कारबरो क्लबाचा सामना 1-1 असा संपूनही गेला होता, आणि आपण वाचलो म्हणून त्यांचे लोक आनंदात होते. वाया गेलेल्या वेळेचेही थोडेच सेकंद राहिले आणि कार्लाईलला कॉर्नर मिळाला. ग्लास आपला गोल सोडून मैदानभर धावत पुढं आला. कॉर्नरवर कार्लाईलच्या खेळाडूनं डोकं लावलं, प्लिमथच्या गोलकीपरनं तो अडवला, आणि अडवलेला चेंडू नेमका ग्लासच्या पुढ्यात आला. त्यानं उजव्या पायानं तो जाळ्यात घातला. पंचाण्णवावं मिनिट होतं. लोक मैदानात धावून आले. ते बाहेर गेल्यावर मधोमध चेंडू ठेवून खेळ सुरू केला आणि लगेच शिट्टी झाली.

3 सामने, 1 गोल. एवढीच त्याची कार्लाईलकडची नोंद. थोड्या वर्षांत त्यानं खेळणं सोडलं, काही काळ टॅक्सी चालवली.

पण ही गोष्ट सांगताना मला दर वेळी स्कारबरोचीही आठवण येते. 1987 साली खालच्या स्पर्धेतून थेट बढती मिळवून लीगमध्ये आलेला तो पहिलाच क्लब. त्याआधी लीगमध्ये शिरायचं तर मतं मिळवावी लागत, नुसतं जिंकून भागत नसे. बारा वर्षांत ते बाहेर गेले आणि 2007 मध्ये क्लबच बंद पडला. तुमच्या मुलाला ग्लासच्या गोलाची चित्रफीत जरूर दाखवा, पण स्कारबरोत त्या वेळी काय चाललं होतं तेही त्याला सांगा.

प्रश्न : सामना 'खेळला' असं कधी धरतात? एक मिनिट उतरला तरी धरतात का? आणि नुसता बाकावर बसलेला?
(अकरावीतली विद्यार्थिनी, सेलू)

बाळा, तू विचारलेला प्रश्न या सगळ्याचा पाया आहे.

पाऊल मैदानात पडलं आणि खेळ चालू असला, की सामना खेळला. मग तो नव्वद मिनिटं असो की एक. सुरुवातीच्या अकरातले सामने आधी लिहितात आणि बदली म्हणून उतरलेले कंसात. म्हणजे 12 (3) असं दिसलं तर 12 वेळा पहिल्यापासून आणि 3 वेळा मधून उतरला. बाकावर बसून राहिलेल्याच्या नावावर काहीच धरत नाहीत.

बदली खेळाडू ही सोय तिकडंही फार जुनी नाही. 1965 पर्यंत लीगच्या सामन्यात बदली नव्हताच. कुणाचा पाय मोडला तर उरलेले दहा जण खेळायचे. 21 ऑगस्ट 1965 ला बोल्टनच्या मैदानावर चार्ल्टनचा गोलकीपर जखमी झाला आणि कीथ पीकॉक उतरला. लीगमधला पहिला बदली खेळाडू तो. सुरुवातीला फक्त जखमीच्या जागी उतरवता यायचं, पुढं कोणत्याही कारणानं. आता प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या पायरीवर, एका सामन्यात 5 जण बदलता येतात. त्यामुळे पूर्वी ज्यांचं नाव कधीच नोंदीत आलं नसतं, अशी कितीतरी पोरं आज येतात. मला हा बदल मनापासून आवडतो.

सगळ्यात थोडा वेळ मिळालेल्यांत मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर निक कल्किन येतो. 22 ऑगस्ट 1999, आर्सेनलचं हायबरी मैदान. पहिला गोलकीपर जखमी झाला म्हणून तो अगदी शेवटाला उतरला, एक फ्री किक मारली आणि शिट्टी झाली. सुमारे 80 सेकंद. पुढं युनायटेडच्या पहिल्या संघात त्याला पुन्हा जागा मिळाली नाही. पण 1 सामना त्याच्या नावावर आहे आणि राहणार. उलट लिव्हरपूलचा पेगी आर्फेक्साद बघ. 2001 मध्ये लिव्हरपूलनं तीन करंडक जिंकले, तिन्ही अंतिम सामन्यांत हा बाकावर होता, एकातही उतरला नाही. पदकं मिळाली, पण त्या तीन सामन्यांपैकी एकही त्याच्या खात्यावर नाही.

आता अवघड भाग. सामना अर्धवट राहिला तर तो झालाच नाही असं धरतात. 28 जानेवारी 1961 ला मँचेस्टर सिटीच्या डेनिस लॉनं ल्यूटनविरुद्ध एफए कपात (हरला की बाहेर, अशी तिथली स्पर्धा) एकट्यानं 6 गोल केले. सिटी 6-2 नं पुढं असताना, एकोणसत्तराव्या मिनिटाला, चिखलामुळं सामना थांबवला. सगळं पुसलं गेलं. सामना पुन्हा झाला तेव्हा सिटी 3-1 नं हरली, आणि तो एक गोलही लॉचाच होता.

त्याहून मोठी पुसापुशी 1939 ची. ऑगस्टच्या शेवटी हंगाम सुरू झाला. 2 सप्टेंबरला बहुतेक क्लबांचे 3 सामने झाले होते. 3 सप्टेंबरला ब्रिटननं युद्ध पुकारलं आणि लीग थांबली. ते तिन्ही सामने नोंदीतून काढले. युद्ध चालू असताना प्रादेशिक सामने होत राहिले, तेही अधिकृत धरले नाहीत. लीग पुन्हा सुरू झाली 1946 मध्ये. विचार कर, एखाद्या वीस वर्षांच्या पोराला आयुष्यातले पहिले 3 सामने त्याच आठवड्यात मिळाले असतील आणि परत येईपर्यंत तो सत्तावीसचा झाला असेल, किंवा परत आलाच नसेल. त्याच्या नावापुढं शून्य. चांगली गोष्ट ही की अभ्यासकांनी ते 3 सामने फेकून दिले नाहीत. पुस्तकांतून ते वेगळ्या तक्त्यात छापतात, अकराच्या अकरा नावांसकट. बेरजेत नाहीत, पण पुस्तकात आहेत. हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. शेवटच्या पत्राला उत्तर देताना तो माझ्या कामी आला आहे.

प्रश्न : सर, खोटं सांगून प्रीमियर लीगमध्ये खेळलेल्या त्या माणसाचा किस्सा एकदा लिहा की. आम्ही मित्र लई हसतो त्याच्यावर.
(महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर)

सेनेगलचा अली दिया. साउथॅम्प्टनचे व्यवस्थापक ग्रॅम सूनेस यांना कुणीतरी फोन केला, आपण जॉर्ज व्हेआ बोलतोय असं सांगितलं आणि या खेळाडूची शिफारस केली. व्हेआ म्हणजे 1995 चा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू, त्याच्या शब्दाला वजन होतं. दियाला महिन्याभरासाठी घेतलं. त्याला राखीव संघाच्या सामन्यात आजमावून बघायचं ठरलं होतं, पण मैदानात पाणी साचल्यानं तो सामना रद्द झाला. संघात दुखापती बऱ्याच. 23 नोव्हेंबर 1996 ला लीड्सविरुद्ध बत्तिसाव्या मिनिटाला मॅट ल टिसिए जखमी झाला आणि 33 नंबरचा शर्ट घातलेला दिया उतरला. पंच्याऐंशीव्या मिनिटाला त्यालाही बाहेर काढलं. साउथॅम्प्टन 2-0 नं हरलं. थोड्याच दिवसांत त्याला क्लब सोडावा लागला.

हसण्याबद्दल सांगतो. 53 मिनिटं ज्या मैदानावर आपण कमी पडतोय हे हजारो लोकांसमोर कळत होतं, तिथं तो माणूस धावत राहिला. त्यानंतरही त्यानं फुटबॉल सोडला नाही, खालच्या स्पर्धेत गेट्सहेडकडून खेळला, पुढं विद्यापीठात शिकला. चूक कुणाची होती म्हणाल तर न बघता उतरवणाऱ्यांची. मी इतकी वर्षं पोरं निवडली. सरावात डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाच्या पाहुण्यालाही संघात घेतलं नाही.

प्रश्न : आपल्यापैकी कुणी इंग्लंडच्या क्लबाकडून खेळलं आहे का? बायचुंग भुतियाचं नाव ऐकलं होतं, पण तो तिथं फार टिकला नाही म्हणतात.
(निवृत्त बँक कर्मचारी, नांदेड)

'टिकला नाही' हे मला पटत नाही. भुतिया 1999 मध्ये ईस्ट बंगाल सोडून मँचेस्टरजवळच्या 'बरी' नावाच्या क्लबात गेला. क्लब तेव्हा तिसऱ्या पायरीवर होता. त्याआधी त्यानं मोठ्या क्लबांत चाचण्या देऊन नकार ऐकले होते. तीन हंगामांत लीगचे 37 सामने, 3 गोल. पहिला गोल एप्रिल 2000 मध्ये, चेस्टरफील्डविरुद्ध. गुडघ्यानं त्रास दिला, क्लबाची पैशाची घडी विस्कटली, आणि 2002 मध्ये तो कोलकात्याला मोहन बागानकडं परतला. सिक्कीमच्या डोंगरातून आलेल्या पोरानं तिथल्या थंडीत, चिखलात, धिप्पाड बचावपटूंमध्ये 37 वेळा नाव लिहवलं. या वाटेनं त्याच्या आधी आपल्याकडून कुणी गेलं नव्हतं. तो बरी क्लबही 2019 मध्ये लीगबाहेर काढला गेला.

सुनील छेत्रीचा आकडा मात्र शून्य आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही. 2009 मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सनं त्याच्याशी करार केला. ब्रिटननं कामाचा परवाना दिला नाही. खेळाडूचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या 70 मध्ये हवा असा तेव्हा नियम होता, भारत त्याच्या बराच खाली. ज्या माणसानं पुढं भारतासाठी 90 हून अधिक गोल केले, त्याला देशाच्या नंबरामुळं अडवलं. ही गोष्ट मला अजून सलते.

आपल्याकडं फारसं माहीत नसलेलं नाव जिमी कार्टर. जन्म लंडनचा, वडील भारतीय. मिलवॉल क्लबाच्या या विंगरला (कडेनं धावणारा खेळाडू) जानेवारी 1991 मध्ये केनी डाल्ग्लिश यांनी लिव्हरपूलला आणलं. पुढच्याच महिन्यात डाल्ग्लिश यांनी राजीनामा दिला. नव्या व्यवस्थापकाच्या डोक्यात वेगळी माणसं होती (हे तेच सूनेस, वरच्या उत्तरातले). लिव्हरपूलकडून लीगचे 5 सामने, मग ऑक्टोबरात आर्सेनलला रवानगी. आणि 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा आर्सेनलकडून तिच्यात उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू हाच. आणणारा मालक बदलला की सालगड्याची काय गत होते, हे आपल्या वावरात आपण बघतोच. तिकडं पाडव्याऐवजी 30 जूनला साल संपतं, एवढाच फरक.

मुलींमध्ये आदिती चौहान. लफबरो विद्यापीठात शिकायला गेली आणि 2015 मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघाची गोलकीपर झाली. इंग्लंडमध्ये क्लब फुटबॉल खेळलेली पहिली भारतीय मुलगी म्हणून तिचं नाव घेतात. 1936 मध्ये कोलकात्याच्या मोहम्मद सलीमनं अनवाणी पायाला पट्ट्या बांधून सेल्टिककडून दोन सामने गाजवले होते, पण ते स्कॉटलंड, म्हणून इथं फक्त नाव घेतो.

तुम्ही नांदेडचे, म्हणून एक जोडतो. आपल्या भागात फुटबॉल आला तो हैदराबादकडून. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस संघानं मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. घडवणारे सय्यद अब्दुल रहीम. पुढं 1962 मध्ये त्यांच्याच हाताखाली भारतानं जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. माझे वडील रेल्वेत होते. हैदराबादहून गाडी घेऊन येणाऱ्या लोकांकडून या संघाच्या बातम्या पूर्ण्याच्या फलाटावर पोचायच्या आणि कॉलनीतली पोरं त्याच दिवशी तसं खेळून बघायची.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा. जिल्ह्याच्या संघात दुसरा गोलकीपर आहे. दोन वर्षांत एकदाही उतरवलं नाही. रोज पाच वाजता उठून जातो. घरातले म्हणतात, खेळत तर नाहीस, मग कशाला जातोस? मी काय सांगू त्याला?
(एक आई, अंबड)

ताई, आधी हे ध्यानात घ्या की गोलकीपरची जागा एकच असते. पुढं खेळणाऱ्याला कुठंतरी सरकवून घेता येतं, शेवटची दहा मिनिटं देता येतात. गोलकीपरला पहिला पडेपर्यंत थांबावं लागतं. तुमचा मुलगा कमी आहे म्हणून बसलाय, असं यातून ठरत नाही.

स्टीव्ह ओग्रिझोविच हा आधी पोलिसात होता. 1977 मध्ये लिव्हरपूलनं त्याला घेतलं. त्याच्या पुढं रे क्लेमन्स, त्या काळातला इंग्लंडचा उत्तम गोलकीपर, आणि त्याचे सामने चुकायचेच नाहीत. पाच वर्षांत ओग्रिझोविचला लिव्हरपूलकडून मिळाले 5 सामने. पाच वर्षं रोज सराव, रोज उडी, वर्षाला सरासरी एक सामना. मग श्रूजबरीला गेला, तिथून 1984 मध्ये कॉव्हेंट्री सिटीला. कॉव्हेंट्रीकडून 600 हून अधिक सामने खेळला आणि 1987 मध्ये टॉटनहॅमला 3-2 हरवून एफए कप जिंकणाऱ्या संघाचा गोलकीपर तोच होता. ती पाच वर्षं वाया गेली नव्हती. क्लेमन्स कुठं उभा राहतो, बचावपटूंना कधी हाक मारतो, हे तो रोज जवळून बघत होता.

प्रत्येकाचं असं होतं असं मी म्हणणार नाही. बहुतेकांचं होत नाही. म्हणून काही कामाच्या गोष्टी सांगतो. मुलानं स्वतः प्रशिक्षकांना भेटून विचारावं की माझं काय कमी पडतं. नम्रपणे, पण स्पष्ट विचारावं. सरावाच्या किंवा मैत्रीच्या सामन्यात अर्धा वेळ मागावा. तो मागायचा त्याला हक्क आहे. दोन वर्षांत एकदाही न उतरवणं मला बरं वाटत नाही. मी दुसऱ्या गोलकीपरला हंगामात निदान दोन सामने द्यायचोच, हरायची भीती असली तरी. रविवारी त्यानं गावातल्या कुठल्याही पोरांसोबत खेळावं, कारण गोलकीपरला सरावाच्या चेंडूपेक्षा सामन्यातली गर्दी शिकवते. बारावीचा अभ्यास त्याच वेळी चालू ठेवावा. आणि तो पहाटे पाचला उठतो त्याबद्दल घरातल्यांनी त्याला एक शब्दही बोलू नये. चहा तेवढा करून द्या.

प्रश्न : तुम्ही वाचलेल्या अशा खेळाडूंत मनाला सगळ्यात जास्त कोण लागलं?
(निवृत्त शिक्षक, उदगीर)

दोघं. गुरुजी, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

एक जेफ बेंट. मँचेस्टर युनायटेडचा डावा बचावपटू. त्याच्या जागेवर कर्णधार रॉजर बर्न खेळायचा, त्यामुळं बेंटला लीगचे मोजून 12 सामने मिळाले. दुसऱ्या कुठल्याही क्लबात तो रोज खेळला असता. फेब्रुवारी 1958 मध्ये संघ बेलग्रेडला निघाला. बर्न दुखावलेला होता, तो खेळेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून बेंटला सोबत घेतलं. बर्न खेळला. बेंट बसून राहिला. परतताना 6 फेब्रुवारीला म्युनिकच्या बर्फाळ धावपट्टीवर विमान कोसळलं. एकूण 23 माणसं गेली, त्यांत 8 खेळाडू. बर्नही गेला, बेंटही गेला. पंचवीस वर्षांचं वय, घरी तान्ही मुलगी. त्या आठ नावांत त्याचं नाव घेताना लोक थोडं थांबतात, कारण बाकीच्यांचे खेळ आठवतात आणि याचा आठवायला फारसा मिळाला नाही.

दुसरा आर्थर व्हार्टन. जन्म 1865, आजच्या घानातल्या अक्रा शहरातला. इंग्लंडला शिकायला आला. 1886 मध्ये 100 यार्ड 10 सेकंदांत धावला. फुटबॉलमध्ये गोलकीपर झाला. जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून आज त्याची ओळख आहे. 1895 मध्ये शेफील्ड युनायटेडकडून तो सगळ्यात वरच्या पायरीवर एकच सामना खेळला, संडरलंडविरुद्ध. तिथं त्याच्या पुढं विल्यम फोक हा अवाढव्य गोलकीपर होता. शेवटची वर्षं कोळशाच्या खाणीत मजुरी करून काढली. 1930 मध्ये गेला तेव्हा थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. दगड बसला 1997 मध्ये. सदुसष्ट वर्षं तो माणूस फक्त जुन्या नोंदींतच जिवंत होता. कुणीतरी त्या सामन्याच्या अकरा जणांत त्याचं नाव लिहिलं होतं, म्हणून पुढच्या माणसांना तो शोधता आला.

प्रश्न : सर, ओळखलं का? 1994 ला नववीत होतो तुमच्याकडं. आता पाथरीजवळच्या जिनिंगवर कामाला आहे. माझं पोरगं म्हणतं, पप्पा तुम्ही कुठं फुटबॉल खेळले, उगं सांगता. तुम्ही मला एकदा उतरवलं होतं, लई पाऊस आला होता. तुमच्या वहीत माझं नाव आहे का?
(एक माजी विद्यार्थी)

ओळखलं. पत्र आलं त्याच संध्याकाळी दुसरी वही काढली.

तुझं नाव आहे. ऑगस्ट 1994, पाथरीच्या संघाविरुद्ध, आपल्याच मैदानावर. विश्रांतीनंतर अकराव्या मिनिटाला तू उजव्या बाजूला उतरलास. ज्याच्या जागी उतरलास त्याच्या बुटाला काळ्या मातीचा असा गोळा बसला होता की बुटाचा तळ निघून हातात आला होता. तू अनवाणीच होतास, म्हणून तुला चिखलाचं काही वाटेना. चेंडू तुझ्याकडं दोनदा आला, हे मी समासात लिहून ठेवलंय. दुसऱ्यांदा तू तो थेट गोलपर्यंत घेऊन गेलास आणि त्यांच्या गोलकीपरनं पाय टाकून अडवला. अठराव्या मिनिटाला पंचांनी सामना थांबवला, कारण पलीकडचे खांब दिसेनासे झाले होते. म्हणजे तू 7 मिनिटं खेळलास.

तो सामना आठ दिवसांनी पुन्हा झाला. त्या दिवशी तू नव्हतास. तुझ्या नावापुढं 'पऱ्हाटीची खुरपण' असं लिहिलंय. पुढं तू शाळा सोडलीस, त्यामुळे दुसरा सामना तुझ्या नावावर आला नाही.

वर सेलूच्या मुलीला मी लिहिलं की अर्धवट सामना बेरजेत धरत नाहीत. तो नियम मीही पाळला, म्हणून संघाच्या मोठ्या तक्त्यात तू नाहीस. पण 1939 चे ते 3 सामने जसे वेगळ्या पानावर ठेवले आहेत, तसं मी प्रत्येक वहीच्या शेवटी एक पान राखलंय आणि वर 'पावसानं राहिलेले' असं लिहिलंय. दुसऱ्या वहीत त्या पानावर चार सामने आहेत. तुझं नाव तिसऱ्या सामन्यात, वरून बाराव्या ओळीवर, निळ्या शाईत.

पानाचा फोटो मोबाईलवर पाठवता आला असता, पण शाई पुसट झालीय, फोटोत नीट येत नाही. जिनिंगला सुट्टी असेल त्या रविवारी पोराला घेऊन परभणीला ये. दुपारी बारानंतर मी घरीच असतो. उतरवलं त्याची वेळ आणि थांबवलं त्याची वेळ, दोन्ही त्याला स्वतः वाचू दे.